पाण्यात ठेवलेली दाढ

किडलेली दाढ साफ करून तिच्यात दाताच्या रंगाचे ‘सिमेंट’ भरले, की पेशंटचा प्रश्न ठरलेला असतो: किती वर्षे टिकेल? खरे तर हे सिमेंट नसते. ते कॉम्पोझिट रेझिन असते, आणि त्याला स्वतःहून दाताला चिकटता येत नाही. त्याला धरून ठेवतो तो बाँडिंग एजंटचा काही मायक्रॉन जाडीचा पातळ थर. त्यामुळे भरणी किती टिकणार हे बऱ्याच अंशी या न दिसणाऱ्या थरावर ठरते.

बाँडच्या माहितीपत्रकात ताकदीचा आकडा मेगापास्कलमध्ये छापलेला असतो. ३० मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर साधारण ३ किलो वजन टांगण्याइतकी ओढ. आकडा भरघोस वाटतो, पण तो बहुतेक वेळा चिकटवल्यानंतर २४ तासांनी मोजलेला असतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी संसार कसा चालला आहे असे विचारावे, त्यातला हा प्रकार. उद्या, पुढच्या वर्षी, दहा वर्षांनी काय होईल याचा अंदाज आजच घ्यायचा, तर नमुन्याचे वय प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवावे लागते. दंतवैद्यकात याला सरसकट ‘एजिंग’ म्हणतात. त्याच्या चार-पाच रीती आहेत, आणि त्यांतली प्रत्येक काळाचा एकेक तुकडाच पुढे ढकलते.

बाँड कशामुळे जुना होतो हे कळायचे, तर आधी तो कशाला चिकटतो ते पाहावे लागते. दाताच्या वरच्या कवचात, म्हणजे एनॅमलमध्ये, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथे मायकेल बोनोकोर यांनी ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद लावून एनॅमल खरखरीत केले आणि त्यावर अ‍ॅक्रिलिक रेझिन घट्ट बसते असे दाखवले. रंग धरावा म्हणून कारखान्यात धातूवर आधी हेच आम्ल लावत. कल्पना तिथली. आज दवाखान्यात सुमारे ३७ टक्क्यांचे जेल, बहुधा निळे, १५ ते ३० सेकंद लावून धुतात. आम्लाने पडलेल्या सूक्ष्म खाचांत रेझिन शिरते आणि तिथेच कडक होते. औंढा नागनाथच्या मंदिराच्या जुन्या, खालच्या भागात हेमाडपंती पद्धतीचे दगड चुन्यावाचून, खाचेत खाच बसवून उभे आहेत. एनॅमलवरचा बाँड तसाच खाचांचा असतो, फक्त खाचा हजारांश मिलिमीटरच्या. असा बाँड फारसा दगा देत नाही.

खरी अडचण आतल्या डेंटिनची आहे. त्यात वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय भाग (त्यात मुख्यतः कोलॅजेन) आणि १० टक्के पाणी. शिवाय आतल्या गराकडून येणाऱ्या हजारो बारीक नळ्या, त्याही ओलसर. आम्लाने वरचे खनिज गेले की कोलॅजेनच्या तंतूंची उघडी जाळी उरते. तिच्यात रेझिन भिजवून ते कडक करायचे. टोकियोच्या नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये या मिश्र थराचे वर्णन केले आणि त्याला ‘हायब्रिड लेयर’ असे नाव पडले. गवताच्या जाळीवर शेणमाती लिंपावी तसे हे काम आहे. माती तळापर्यंत पोचली तर भिंत होते, नाही पोचली तर आत नुसते ओले गवत राहते. आम्ल जितके खोल जाते तितके रेझिन बहुधा जात नाही, आणि जाळीच्या तळाशी उघडे तंतू पाण्यात भिजत राहतात.

बाँड सडायला तिथूनच सुरुवात होते. पाणी रेझिनमधले एस्टर बंध हळूहळू तोडते. बाँड ओल्या डेंटिनवर पसरावा म्हणून त्यात घातलेली ‘हेमा’सारखी पाणीप्रेमी द्रव्ये पुढे तेच पाणी आत ओढून घेतात. दुसरा शत्रू दाताच्या पोटातच असतो. डेंटिनमध्ये एमएमपी नावाची, कोलॅजेन तोडणारी विकरे निपचित पडलेली असतात. बाँडिंगच्या आम्लाने ती जागी होतात. २००४ मध्ये डेव्हिड पॅशली आणि सहकाऱ्यांनी दाखवले की कुठलेही जिवाणू नसतानाही आम्ल लावलेले डेंटिन स्वतःचे कोलॅजेन खाते, आणि विकरे रोखणारी द्रव्ये घातली की हे खाणे थांबते. याखेरीज गरम-थंडाचे ताण, चावण्याचे घाव, जिवाणूंचे आम्ल आणि लाळेतली एस्टर तोडणारी विकरे आहेतच. तोंडात हे सगळे एकाच वेळी चालते. प्रयोगशाळेत त्यातले एकेक वेगळे काढतात.

त्यासाठी आधी नमुना लागतो, आणि तो मिळवण्यातच निम्मी मेहनत जाते. माणसाचे काढलेले दात लागतात. ते बहुधा अक्कलदाढा असतात, नाहीतर दात सरळ करण्याच्या उपचारात काढलेल्या पुढच्या लहान दाढा. ते कोरडे पडू देत नाहीत आणि जंतुनाशक द्रवात ठेवून काही महिन्यांच्या आतच वापरतात. किडलेले, तडकलेले, फ्लोरोसिसचे डाग असलेले दात वगळायचा रिवाज आहे. नमुने एकसारखे असावेत म्हणून हे बरोबरच. पण नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि तिथल्या पेशंटच्या एनॅमलवर आम्ल नेहमीसारखे चालत नाही. प्रयोगशाळेने दारातच अडवलेला दात दवाखान्याच्या खुर्चीत मात्र बसलेला असतो.

दाढेचा माथा हिऱ्याच्या पातळ करवतीने, पाणी सोडत, संथ गतीने कापतात. उघड्या डेंटिनवर बाँड लावतात आणि वर चार-पाच मिलिमीटर उंचीपर्यंत कॉम्पोझिटचे थर देतात. २४ तासांनी तीच करवत दाढेवर आधी उभी, मग आडवी फिरवली की काड्यापेटीतल्या काडीहूनही बारीक, सुमारे १ मिलिमीटर बाय १ मिलिमीटर जाडीच्या कांड्या पडतात. एका टोकाला पिवळसर दात, दुसऱ्या टोकाला रेझिन, आणि मधोमध केसाएवढी दिसेल-न दिसेल अशी रेघ. चाचणी त्या रेघेची असते. जपानच्या हिदेहिको सानो यांनी १९९४ मध्ये ही मायक्रोटेन्साइल पद्धत मांडली. एका दाढेतून अनेक कांड्या निघतात, हा तिचा मोठा फायदा. ओढण्यासाठी कांडी यंत्राच्या दोन जबड्यांवर चिकटवावी लागते आणि ती चिकटवतात साध्या झटपट गोंदाने, फेव्हीक्विकच्या जातीच्या सायनोअ‍ॅक्रिलेटने. एका गोंदाची परीक्षा दुसऱ्या गोंदाच्या भरवशावर. तो आधी सुटला तर कांडी बाद.

वय वाढवण्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत प्रामाणिक रीत म्हणजे नमुना ३७ अंशांच्या पाण्यात ठेवून वाट बघणे. आयएसओच्या ११४०५ क्रमांकाच्या दस्तऐवजात तीन पायऱ्या आहेत: २४ तास पाण्यात, गरम-थंडाचे ५०० फेरे, आणि सहा महिने पाण्यात. औंढ्याच्या दोन बाजूंना असलेल्या नांदेड आणि परभणीच्या दंत महाविद्यालयांत काय किंवा मुंबईच्या १९३३ पासूनच्या नायर दंत महाविद्यालयात काय, एमडीएसच्या तीन वर्षांत प्रबंधाचा विषय मंजूर होऊन, दात जमवून, नमुने करून हाती उरणारा वेळ पाहिला, तर सहा महिने थांबणे हाही धाडसाचाच निर्णय ठरतो. वर्षाचे एजिंग दुर्मीळ, पाच वर्षांचे त्याहून.

वाट बघण्यातही बारकावे आहेत. तेच पाणी महिनोन्महिने ठेवले तर त्यात दातातून सुटलेले कॅल्शियम आणि रेझिनमधून पाझरलेली द्रव्ये साचतात, पाणी संपृक्त होते आणि झीज मंदावते. म्हणून पाणी आठवड्याला बदलायचे. एखाद्या सुट्टीत बदलायचे राहिले, तर निकाल थोडा बरा येतो आणि त्याचे कारण कोणालाच कळत नाही. पाण्यात बुरशी धरू नये म्हणून थायमॉलसारखे द्रव्य घालतात; तेच द्रव्य विकरांना रोखत असेल तर चाचणीच्या मुळावर घाव बसतो. कृत्रिम लाळ वापरणारेही आहेत, मात्र तिच्यातले कॅल्शियम आणि फॉस्फेट दाताला सांभाळून घेते. साधे पाणी तिच्याहून कठोर.

याहून मोठा फरक पडतो तो आधी कापायचे की नंतर यामुळे. अख्खी भरलेली दाढ पाण्यात ठेवली तर बाँडच्या मध्यापर्यंत पाणी शिरायला कित्येक मिलिमीटर ओलांडावे लागतात. चहूबाजूंनी एनॅमलला बाँड झालेला असेल, तर ती कडा धरणाच्या भिंतीसारखी पाणी अडवते. कांड्या आधी कापून ठेवल्या तर पाण्याला मध्य गाठायला अर्धाच मिलिमीटर पुरतो, तोही चारही बाजूंनी. अख्ख्या दाढेत जे घडायला वर्षे लागतात ते कांडीत काही महिन्यांत दिसते. हाही वय वाढवण्याचाच प्रकार आहे, फक्त तापमान न वाढवता. दोन प्रबंधांतले ‘सहा महिने’ म्हणूनच एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, आणि तरीही ते सर्रास ताडले जातात. पाणीच खलनायक आहे याचा थेट पुरावा हवा असेल, तर काही कांड्या खनिज तेलात ठेवतात. तेलातल्या कांड्यांची ताकद टिकते, पाण्यातल्यांची उतरते.

पाणी नसते तर काय, याचे उत्तर देणारा दुसरा बाँड औंढा नागनाथ तालुक्यातच येऊ घातला आहे. दुधाळा गावाच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्र सरकारने तिला २०१६ मध्ये तत्त्वतः आणि २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. अशा वेधशाळेत सुमारे ४० किलोचा काचेसारखा सिलिकाचा आरसा ०.४ मिलिमीटर जाडीच्या चार सिलिका धाग्यांवर टांगतात. धागे जिथे जोडतात ते ‘कान’ आरशाच्या अंगाला गोंदाने नव्हे, तर हायड्रॉक्साइड कॅटॅलिसिस बाँडिंगने बसवतात. अल्कधर्मी द्रवाचा थेंब सिलिकाचा पृष्ठभाग किंचित विरघळवतो, दोन्ही पृष्ठभाग सिलिकेटच्या साखळ्यांनी जुळतात, आणि आठवड्यांच्या अवधीत पाणी निघून गेले की बाँड पक्का होतो. त्याची जाडी १०० नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. मूळ तंत्र स्टॅनफर्डला ग्रॅव्हिटी प्रोब बी या अंतराळयानासाठी घडले. तिथे पाणी निघून जाणे म्हणजे बाँड पूर्ण होणे, आणि पुढचे सारे आयुष्य निर्वातात. दाढेतल्या बाँडला पाण्यापासून सुटका नाही, त्याला जन्मही ओल्यातच घ्यावा लागतो.

दुसरी रीत थर्मोसायक्लिंगची. वाफाळता चहा आणि त्यावर माठातले पाणी, ही औंढ्याच्या बसस्टँडवर रोज शेकडो दाढांची होणारी परीक्षा यंत्रात बसवलेली असते. दोन टाक्या असतात, एक ५ अंशांची, दुसरी ५५ अंशांची. नमुन्यांची जाळीदार टोपली एका टाकीत किमान २० सेकंद बुडते, वर येते, निथळते, ५ ते १० सेकंदांत दुसरीकडे जाते. टक्, बुडबुड, टक्. रात्रंदिवस. दात आणि कॉम्पोझिट सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, यावर या रीतीची मदार आहे. एक अंशाने तापमान वाढले तर डेंटिन दशलक्षात सुमारे ८ भाग फुगते, एनॅमल ११ ते १२ भाग, आणि कॉम्पोझिट त्याच्या घडणीनुसार २० पासून ५० भागांपर्यंत. मधल्या थराला दर फेऱ्यात दोन्हीकडची ओढाताण सोसावी लागते. कडेला फट पडली, तर आकुंचन-प्रसरणाबरोबर पाणी आत-बाहेर पंपासारखे खेळते.

किती फेरे म्हणजे एक वर्ष? १९९९ मध्ये गेल आणि डार्व्हेल यांनी आधीचे प्रबंध चाळून दिवसाला २० ते ५० फेरे धरले आणि १०,००० फेरे म्हणजे साधारण एक वर्ष असा हिशेब सुचवला. सुचवला, मोजला नव्हता. तरी पुढच्या कित्येक प्रबंधांत तो पंचांगातल्या तिथीसारखा उद्धृत होतो. त्या हिशेबाने आयएसओचे ५०० फेरे म्हणजे अवघे अठरा दिवस, आणि ते करायला यंत्राला सात-आठ तास पुरतात. एवढ्यात चांगल्या बाँडवर ओरखडाही उमटत नाही, म्हणून ५०० फेऱ्यांनंतर ‘बाँड टिकाऊ आहे’ असे लिहिणाऱ्या प्रबंधाकडे परीक्षकाने भुवया उंचावाव्यात हे रास्तच. दहा हजार फेऱ्यांना साधारण सहा-सात दिवस लागतात. शिवाय एक गोष्ट बऱ्याचदा नजरेआड होते: नमुने त्या दिवसांतला एक तृतीयांशाहून अधिक वेळ ५५ अंशांच्या पाण्यात असतात. ताकद घटली तर ती फुगण्या-आकसण्याने की गरम पाण्याच्या रासायनिक मारामुळे, हे वेगळे काढता येत नाही. बारीक कांडीत तर ताण फारसा साठतच नाही, तिला सगळ्या बाजूंनी मोकळीक असते. तिच्या बाबतीत थर्मोसायक्लिंग म्हणजे बहुतांशी गरम पाण्यात ठेवणे.

तापमान आणखी वाढवून काळ आणखी आवळता येईल का? रसायनशास्त्रातला जुना ठोकताळा असा, की दर १० अंशांमागे प्रक्रियेचा वेग दुपटीच्या आसपास वाढतो. पण रेझिन एका ठरावीक तापमानापलीकडे मऊ पडते आणि कोलॅजेनही उष्णतेने आपली घडण सोडते. तोंडात कधीच न घडणारी मोडतोड मग चाचणीत घडते. झिर्कोनियाच्या कॅपसाठी १३४ अंशांच्या वाफेत पाच तासांची चाचणी चालते, कारण ती सिरॅमिक आहे. तोच नियम बाँडला लावणे म्हणजे भाकरीची चाचणी विटेच्या भट्टीत घेणे.

चावण्याची नक्कल करणारी यंत्रे वेगळी. झुरिचच्या दंतविद्यालयात रुळलेल्या पद्धतीत भरलेल्या दाढेवर सुमारे ४९ न्यूटनचा, म्हणजे पाच किलोंचा, घाव १२ लाख वेळा घालतात आणि सोबत गरम-थंड पाणीही फिरवतात. हे साधारण पाच वर्षांच्या चावण्याइतके धरले जाते. सेकंदाला १.७ घाव या गतीने आठ दिवस. ज्वारीची भाकरी आणि सुपारी यांना यंत्राचा एकसुरी पोलादी टोला कितपत जवळचा, हा भाग निराळा. एकट्या एका घावाने बाँड तुटत नाही, थकव्याने तुटतो. लोखंडी तार वाकवून-वाकवून मोडावी तसा.

रासायनिक आडवाटाही आहेत. कांडी १० टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये काही तास बुडवली की रेझिनने न झाकलेले कोलॅजेन विरघळते. महिन्यांचा निकाल एका दुपारी मिळतो. तो फक्त उघडे कोलॅजेन किती होते एवढेच सांगतो, रेझिनच्या झिजेबद्दल काहीच नाही. कोलॅजिनेज किंवा एस्टरेज विकरे घालणे, स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सची पुटे वाढवणे, आम्ल आणि लाळ आलटून-पालटून लावणे हे सगळे शक्य आहे. पण जिवाणू सांभाळणे खर्चाचे आणि खोळंब्याचे काम, म्हणून बहुतेकांचे गाडे पाणी आणि थर्मोसायक्लिंगपाशीच अडते.

नमुना जुना झाला की तो ओढून तोडतात. यंत्र अनेक दंत महाविद्यालयांत नसते, मग कांड्या ओल्या कापसात गुंडाळून अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा खासगी चाचणी प्रयोगशाळेत न्याव्या लागतात. तुटल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे ते कुठे तुटले. बाँडमध्ये तुटले तर आकडा बाँडचा. दातातच तुटले तर तो दाताचा, बाँडची ताकद त्याहून जास्त असणार. चाचणीच्या आधीच, करवतीखाली किंवा पाण्यातच सुटलेल्या कांड्यांचे काय करायचे यावर मतभेद आहेत. त्या वगळल्या तर दुबळा बाँड सबळ दिसतो, शून्य धरल्या तर अन्याय होतो असे काही म्हणतात. निदान त्यांची संख्या तरी छापली पाहिजे, आणि ती नेहमी छापली जात नाही. ताकद बरी असूनही आतून पोखरण सुरू झालेली असू शकते. ती पाहायला कांडी सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवतात. चांदीचे कण पाणी जिथे जिथे शिरू शकते तिथे जमतात, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात हायब्रिड लेयरमध्ये फांद्या फुटलेल्या झाडासारख्या रेषा दिसतात.

या साऱ्याचा तोंडातल्या वास्तवाशी मेळ किती, हे २००५ मध्ये डे मुंक आणि सहकाऱ्यांनी तपासले. सर्व जातींच्या बाँडमध्ये तीन महिन्यांच्या आसपास झिजेच्या खुणा दिसू लागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. डे मुंक यांच्याच ल्यूव्हेनमधल्या गटाने २०१० मध्ये दाखवले की २४ तासांच्या आकड्यांपेक्षा एजिंगनंतरचे आकडे दवाखान्यातल्या निकालांशी जास्त जुळतात. पण ‘जास्त जुळतात’ म्हणजे ‘सांगतात’ नव्हे. क्लोरहेक्सिडिनचे उदाहरण बोलके आहे. ते एमएमपी विकरांना रोखते, प्रयोगशाळेत हायब्रिड लेयर वाचवते, आणि २००७ मध्ये कारिल्यो आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या तोंडात १४ महिन्यांनंतरही तो फरक दाखवला. भरण्या गळतात की नाही हे पाहणाऱ्या दीर्घ चाचण्यांत मात्र ठळक फायदा दिसला नाही.

अशा चाचण्या दातांच्या मानेशी पडलेल्या, न किडलेल्या खाचांवर घेतात. तिथे भरणीला धरायला कोपरा नसतो. ती टिकली तर बाँडच्याच बळावर टिकते. महाराष्ट्रात अशा खाचांना तोटा नाही. मिश्री, राखुंडी, विटेची भुकटी बोटाने वर्षानुवर्षे घासून हिरडीलगतचा दात झिजतो आणि तिथले डेंटिन कठीण, काचेसारखे चकचकीत बनते. त्याच्या नळ्या खनिजाने बुजलेल्या असतात, म्हणून त्यावर बाँड तरुण दाढेच्या ताज्या डेंटिनइतका धरत नाही. प्रयोगशाळेतल्या कांड्या मात्र बहुतेक वेळा अशा ताज्या डेंटिनच्याच असतात.

अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या जुन्या निकषानुसार अशा भरण्यांपैकी १८ महिन्यांत दहा टक्क्यांहून कमी निकामी व्हाव्या लागत, आणि हे दोन स्वतंत्र अभ्यासांत दिसावे लागे. तपासणीला दर वेळी सगळे पेशंट येत नाहीत. कोणी ऊसतोडीला गेलेला असतो, कोणी पुण्याला. भरणी पडली म्हणून दुसरीकडे गेलेलाही त्यात असू शकतो. म्हणून अहवालात किती भरण्या टिकल्या याच्या आधी किती पेशंट परत आले, हा आकडा वाचायचा असतो.